ठाऊक असूनही : टेड चियांग यांच्या कथांची घडण

२०१६ साली आलेला ‘अरायव्हल’ हा चित्रपट आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला. परग्रहावरची अवाढव्य याने पृथ्वीवर बारा ठिकाणी अधांतरी येऊन उभी राहतात. त्यांतल्या प्राण्यांशी बोलायचे कसे हे शोधण्यासाठी लष्कर एका भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावते आणि ती परकी भाषा शिकता शिकता बाईंना स्वतःचा भविष्यकाळ दिसू लागतो. त्या भविष्यात त्यांना एक मुलगी आहे आणि ती कोवळ्या वयातच असाध्य आजाराने जाते. ज्या कथेवरून हा चित्रपट घेतला ती टेड चियांग यांची ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ ही दीर्घकथा १९९८ सालची. तिच्यातही मुलगी जाते. पण आजाराने नाही. पंचविसाव्या वर्षी, कडा चढताना पडून.

हा फरक मला बराच काळ किरकोळ वाटत होता. पटकथेत असे बदल होतातच, म्हणून सोडून दिले होते. पुढे कथा पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले, की कथेचा सगळा भार या एका तपशिलावर तोललेला आहे. असाध्य आजार आधी कळला तरी आईच्या हातात काही राहत नाही. तिच्यापुढचा प्रश्न एकच, मूल होऊ द्यायचे की नाही. कडा चढायला जाणाऱ्या मुलीला मात्र एका वाक्याने थांबवता येते. ‘या खेपेला जाऊ नकोस,’ एवढेच म्हणायचे. आईला सगळे ठाऊक आहे, बोलायला तोंड आहे, आणि ती ते वाक्य बोलत नाही. ती दुष्ट नाही, वेडी नाही, मुलीवर तिचा जीव आहे. मग का बोलत नाही? कथा संपेपर्यंत वाचकाला तिचे वागणे समजले पाहिजे, नव्हे, पटले पाहिजे. चित्रपटाने हा अवघड पेपर टाळला. कथेने तो सोडवायला घेतला.

आपल्याकडे विज्ञानकथेबद्दल एक जुनी तक्रार आहे : तिच्यात विज्ञान असते, कथा नसते, कल्पना असते, माणूस नसतो. या तक्रारीत तथ्य किती हा वेगळा विषय आहे. पण चियांग यांच्या या कथेत आईचे न बोलणे पटायचे असेल, तर वाचकाला आधी भौतिकशास्त्रातले एक तत्त्व नीट समजावे लागते. ते समजले नाही तर दुःखही समजत नाही. विज्ञान बाजूला काढले की उरलेली कथा उभी राहत नाही, आणि माणूस बाजूला काढला तर विज्ञान सांगण्याचे कारणच उरत नाही. ही बांधणी कशी साधली आहे ते पाहण्यासाठी हा लेख.

चियांग यांचा जन्म १९६७चा, न्यू यॉर्क राज्यातला. आईवडील चिनी वंशाचे. ब्राउन विद्यापीठातून त्यांनी संगणकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे अनेक वर्षे सिअ‍ॅटलच्या परिसरात तांत्रिक लेखक म्हणून काम केले. संगणकप्रणाली कशी वापरावी याची माहितीपुस्तके लिहिणे हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. पहिली कथा १९९० साली छापून आली आणि तिला थेट नेब्युला पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या तीस वर्षांत कथासंग्रह दोनच, २००२ आणि २०१९चे. पहिल्यात आठ कथा, दुसऱ्यात नऊ. कादंबरी एकही नाही. २००३ साली त्यांच्या एका कथेला ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले तेव्हा त्यांनी ते नाकारले. संपादकीय घाईत ती कथा आपल्याला हवी तशी उतरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दर दिवाळीला चार-चार अंकांना कथा पुरवणाऱ्या आपल्या लेखकांना (आणि त्या मागणाऱ्या संपादकांना) हा प्रकार विचित्र वाटेल. माहितीपुस्तके लिहिण्याचा त्यांच्या गद्याशी संबंध आहे असे मला वाटते. वाक्य सरळ, अलंकार जवळजवळ नाहीत, आणि वाचणाऱ्याला आत्ता काय ठाऊक आहे व काय नाही याचे भान क्षणभरही सुटत नाही.

आता ते तत्त्व. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ते सतराव्या शतकात मांडले. प्रकाशाचा किरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, हे आपण शाळेत शिकलो. पाण्याचा अपवर्तनांक वेगळा म्हणून वाकतो, असे कारणही शिकलो. फर्माने तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली : हवेतल्या एका बिंदूपासून पाण्यातल्या एका बिंदूपर्यंत जायला ज्या वाटेने कमीत कमी वेळ लागतो, त्या वाटेने प्रकाश जातो. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख. सरळ रेषेत गेले तर अंतर कमी, पण पाण्यातला संथ प्रवास जास्त. म्हणून तो हवेत थोडा लांब जातो आणि पाण्यातली वाट आखूड करतो. कोकणातल्या कुणालाही हे आकृतीशिवाय समजेल. चिखलणी केलेल्या खाचरात वासरू रुतले आहे आणि तुम्ही बांधावर आहात. तुम्ही नाकासमोर चिखलात उडी घेत नाही. बांधावरून जमेल तितके पुढे धावता आणि मग चिखलात उतरता.

पण तुम्हाला वासरू कुठे आहे ते दिसते. प्रकाशाला आपण कुठे पोचणार हे निघण्याआधी कसे कळते? कमीत कमी वेळाची वाट निवडायची तर शेवट आधी ठाऊक हवा. हा आक्षेप आजचा नाही. क्लेर्सेलिए या देकार्तच्या अनुयायाने तो १६६२ मध्येच फर्माला पत्राने कळवला होता. निसर्गाला जाणीव नाही, तो निवड करत नाही, मग हे तत्त्व भौतिकशास्त्राचे कसे, असा त्याचा सूर होता. दोन्ही मांडण्यांतून गणिताचे उत्तर एकच येते. एक मांडणी ‘आधी हे, म्हणून मग ते’ अशी चालते. दुसरी आरंभ आणि शेवट दोन्ही हातांत धरून मधली वाट काढते.

चियांग यांना हे तत्त्व, आणि अशाच घडणीची भौतिकशास्त्रातली इतर तत्त्वे, फार दिवस खुणावत होती. त्यातून कथा मात्र सुचत नव्हती. मग त्यांनी पॉल लिंके या नटाचा एकपात्री प्रयोग पाहिला. त्यात तो स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या आपल्या बायकोबद्दल बोलत होता. अटळ गोष्टीला माणूस कसा सामोरा जातो, हा धागा तिथे मिळाला, असे त्यांनी संग्रहाच्या टिपणांत नोंदवले आहे. या दोन गोष्टी जोडायला त्यांना भाषाशास्त्र लागणार होते आणि ते त्यांना येत नव्हते. त्यांनी सुमारे पाच वर्षे ते वाचून काढले आणि मग कथा लिहिली. विद्यापीठाबाहेर बसून वाचणाऱ्या माझ्यासारख्याला या पाच वर्षांचे फार अप्रूप आहे, हे कबूल करतो.

कथेतल्या प्राण्यांना सात पाय आहेत. त्यांची बोली एक आणि लिपी निराळीच. लिपी बोलीचे लेखन नव्हे, ती स्वतंत्र भाषा आहे. एक वाक्य म्हणजे एक गुंतागुंतीची आकृती. नायिका लुईझ बँक्स हिच्या लक्षात येते की आकृतीतली पहिलीच रेघ पुढच्या अनेक उपवाक्यांमधून फिरते. म्हणजे लिहिणाऱ्याला पहिली रेघ ओढण्याआधी अख्खे वाक्य ठाऊक असले पाहिजे. हात न उचलता ठिपक्यांमधून एकाच रेघेची रांगोळी काढणारी बाई जशी पहिल्या ठिपक्याला शेवटचा ठिपका जाणून असते, तसेच. दुसरीकडे गॅरी हा पदार्थवैज्ञानिक त्या प्राण्यांशी गणित-विज्ञानाची देवाणघेवाण करू पाहतो आहे आणि काहीच जमत नाही. ज्या गोष्टी आपण सोप्या मानतो, वेग वगैरे, त्या त्यांना अवघड जातात. पहिला सांधा जुळतो तो फर्माच्या तत्त्वावर. त्यांना तेच प्राथमिक वाटते.

चियांग यांची कारागिरी इथे उघडी करून पाहावी. वाचकाला फर्मा समजावणे भाग आहे, पण व्याख्यान द्यायचे नाही. ते काम त्यांनी एका चिनी हॉटेलातल्या जेवणावर सोपवले. गॅरी कागदी रुमालावर हवा, पाणी आणि किरण काढून लुईझला समजावतो. तिला भौतिकशास्त्र येत नाही, म्हणून ती आपल्यावतीने प्रश्न विचारते. युक्ती जुनीच आहे. आपल्या कीर्तनातल्या पूर्वपक्षाइतकी जुनी. पण याच सुमारास हे दोघे एकमेकांच्या जवळ येत आहेत. मुलीचा बाप तोच होणार आहे. ज्या तत्त्वाने तिला मुलीचा मृत्यू पुढे सोसावा लागणार, ते तत्त्व तिला मुलीच्या बापाकडून, प्रेम जमण्याच्या दिवसांत, जेवताना कळते. वाचताना हे जाणवतही नाही.

लिपी अंगवळणी पडते तसा लुईझचा विचारही त्या प्राण्यांसारखा होऊ लागतो. पुढचे तिला मागच्यासारखे आठवते. आणि मग तो प्रश्न : ठाऊक असेल तर बदलत का नाही?

चियांग यांचे उत्तर बोलण्याच्या एका प्रकारातून येते. काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती म्हटल्याने गोष्ट घडते. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने या प्रकाराचा शास्त्रशुद्ध विचार केला. कथेत लग्नाचा दाखला आहे. पाद्री शेवटी काय म्हणणार हे सगळ्यांना माहीत असते, तरी तो म्हणेपर्यंत लग्न लागत नाही. आपल्या वाचकाला यासाठी चर्चमध्ये जायचे कारण नाही. मंगलाष्टके संपताना भटजी काय म्हणणार हे मांडवातल्या पोराटोरांनाही पाठ असते. हातात अक्षता घेऊन सगळे त्याच शब्दांची वाट पाहत असतात. ते शब्द कुणाला नवे नसतात. पण ते उच्चारल्याशिवाय अंतरपाट दूर होत नाही. सात पायांच्या त्या प्राण्यांचे सगळेच बोलणे आणि वागणे असे आहे. काय घडणार ते त्यांना ठाऊक आहे. ते करतात ते घडवण्यासाठी. याला जोडून चियांग एक घरगुती प्रसंग देतात. लहान मुलगी झोपताना तीच गोष्ट पुन्हा ऐकायचा हट्ट धरते, आईने शब्द बदलला तर अडवते. पाठ आहे तर ऐकतेस कशाला, असे आई विचारते. तिला ती ऐकायची असते म्हणून. यापेक्षा जास्त स्पष्टीकरण कथा देत नाही आणि द्यायची गरजही नाही. घरात लहान मूल वाढवलेल्या कुणालाही हे शब्दांशिवाय कळते.

तरीही एवढ्यावर माझे समाधान झाले नसते. गोष्ट पुन्हा ऐकणे निराळे आणि मुलीला कड्यावर जाऊ देणे निराळे. यासाठी चियांग एक छोटी पायरी मध्ये ठेवतात, आणि माझ्या मते अख्ख्या कथेतली ही सर्वांत हुशार जागा आहे. लुईझ आणि गॅरी बाजारात जातात. दुकानात तिला सॅलडचा एक लाकडी वाडगा दिसतो. तो पाहताच तिला आठवते, की मुलगी तीन वर्षांची असताना ओट्यावरचे फडके ओढेल आणि हा वाडगा तिच्या डोक्यावर पडेल. एक टाका पडेल, दवाखान्यात तासन्‌तास बसावे लागेल. लुईझ हात पुढे करते आणि वाडगा घेते. कुणी भाग पाडले म्हणून नव्हे. तो पडताना झेलायला जशी ती धावेल, तितक्याच सहजपणे. एका टाक्याची जखम. वाचक म्हणतो, ठीक आहे, एवढे समजू शकतो. आणि तिथेच तो अडकतो, कारण वाडग्याबाबत ज्याला होकार दिला, त्याला कड्याबाबत नकार देण्याचे कारण त्याच्याकडे उरत नाही. भूमितीतला सिद्धांत आधी सोप्या बाबतीत सिद्ध करून घ्यावा, तसे हे काम आहे.

या कथेत काळांची विभागणी काटेकोर आहे. परग्रहावरच्या प्राण्यांचा भाग भूतकाळात. मुलीच्या आयुष्यातले सगळे प्रसंग भविष्यकाळात, ‘तू’ला उद्देशून : तू असे करशील, तू तसे म्हणशील. आणि या दोन्हींना धरून ठेवणारा वर्तमानकाळ एकाच रात्रीचा. नवरा तिला विचारणार आहे, आपल्याला मूल हवे का. कथा त्या क्षणी सुरू होते आणि त्याच क्षणी संपते. ती ‘हो’ म्हणते. मुलीची आठवण सांगताना ‘आठवते’ हे क्रियापद वर्तमानात आणि आठवणारी गोष्ट भविष्यात, अशी वाक्ये इंग्रजीत कानाला खटकतात. ती तशी खटकावीत अशीच इच्छा आहे.

या कथेतले काही उतारे मी स्वतःपुरते मराठीत करून पाहिले. आश्चर्य असे, की ती खटक मराठीत पुरती उतरेना. आपली भाषा याबाबत मुळातच सैल आहे. ‘काल’ आणि ‘उद्या’ आपण वेगळे ठेवले (हिंदीने तेवढेही केले नाही), पण ‘परवा’ या शब्दाला मागचे-पुढचे काही नाही. ‘परवा भेटलो’ आणि ‘परवा भेटू’ यांतला परवा एकच. तो मागे की पुढे हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही. दारातून पायही न काढलेला माणूस फोनवर ‘हा निघालो’ म्हणतो आणि निघाल्यावर ‘आलोच’ म्हणतो. जे अजून व्हायचे आहे ते भूतकाळात सांगितले की ते नक्की झाले, असा आपला समज आहे. सात पायांच्या प्राण्यांना मराठी शिकवायला फार सायास पडले नसते. गंमत बाजूला ठेवली तरी अनुवादकापुढे अडचण राहतेच. मूळ वाक्याचा धक्का मराठीत द्यायचा तर भविष्यकाळ ठसठशीत ठेवावा लागतो आणि ‘तू म्हणायचीस’ या गोड वळणाकडे जाणारा हात आवरावा लागतो. आठवणीचे ते आपले हक्काचे क्रियारूप आहे, आणि इथे नेमके तेच चालत नाही.

चियांग यांच्या लेखनपद्धतीबद्दल एक गोष्ट त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. शेवट ठाऊक झाल्याशिवाय ते कथा लिहायला घेत नाहीत, आणि पुष्कळदा शेवटचा किंवा शेवटाजवळचा परिच्छेदच आधी लिहितात. मग त्या टोकाला पोचायची वाट काढत मागून पुढे येतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ही फर्माच्या प्रकाशकिरणाचीच रीत झाली. म्हणजे कथेचा विषय आणि कथा लिहिण्याची रीत एकच आहे. वाडगा दुकानात दिसतो तो पुढे पडणार आहे म्हणून.

दोन्ही टोकांनी वाचता येणारी रचना ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही, हे जाता जाता सांगायला हवे. सोळाव्या शतकातला सूर्यदास हा गोदावरीकाठच्या पार्थपुरचा, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा. ज्योतिषी ज्ञानराजाचा मुलगा, स्वतः भास्कराचार्यांच्या लीलावतीचा आणि बीजगणिताचा टीकाकार. त्याने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ लिहिले. श्लोक सुलट वाचला तर रामाची कथा, अक्षरे उलट वाचली तर कृष्णाची. एका गणितज्ञाला हा छंद लागावा यात मला नवल वाटत नाही. ‘अरायव्हल’च्या पटकथाकारानेही मुलीचे नाव हॅना ठेवले. इंग्रजी अक्षरांत ते दोन्हीकडून सारखेच वाचता येते. कथेत मात्र मुलीला नावच नाही. ती शेवटपर्यंत ‘तू’ आहे.

चियांग यांची दुसरी एक कथा याच्या जोडीने वाचावी : २००८ सालची ‘एक्झेलेशन’. त्यात धातूचे जीव आहेत, हवेच्या दाबावर चालणारे. रोज रिकामी फुप्फुसे काढून भरलेली बसवायची, असे त्यांचे जीवन. कथेचा विषय एन्ट्रॉपी, म्हणजे विश्वातला चढउतार सपाट होत जाणे आणि शेवटी सगळ्या हालचाली थांबणे. इतका अवाढव्य विषय कुठून सुरू करावा? चियांग तो गावातल्या घड्याळापासून सुरू करतात. नववर्षाच्या दिवशी एक दवंडीवाला नेमके तासभर चालणारे पद्य म्हणतो. या वर्षी त्याचे पद्य संपण्याआधीच तासाचे टोले पडले. घड्याळ पुढे धावते आहे का? तपासले तर घड्याळ बरोबर आहे, आणि हाच प्रकार गावोगाव घडला आहे. मग उरते एकच शक्यता : घड्याळे जलद झाली नाहीत, सगळ्यांचे मेंदू मंद झाले आहेत. पुढे निवेदक लोलकांच्या आणि यंत्राच्या साहाय्याने स्वतःचाच मेंदू उघडून पाहतो. ते पान वाचताना श्वास अडकतो. पण माझा जीव त्या दवंडीवाल्यात गुंतला आहे. पूजा नेहमीपेक्षा लांबली, की घड्याळ पुढे गेले, असा वाद आपल्या घरात झालेला नाही असा माणूस विरळा.

‘द मर्चंट अँड द अल्केमिस्ट्स गेट’ ही २००७ची कथा तर थेट अरबी सुरस कथांच्या घाटाची आहे, कथेत कथा. बगदादचा व्यापारी कालद्वारातून वीस वर्षे मागे जातो, बायकोचा मृत्यू टाळू शकत नाही, पण तिचे शेवटचे शब्द त्याला कळतात. बदल शून्य, तरी माणूस पहिल्यासारखा राहत नाही.

आता आपल्याकडे वळतो. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज. होतात, त्यांचाही हात विलोमाकडे वळलाच! त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकादंबरीकार होते, तेव्हा हे बीज केंब्रिजमध्येच पडले असणार. नारळीकरांच्या कथांत स्पष्टीकरण पुष्कळदा शेवटाकडे, दोन जाणत्यांच्या संवादात येते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची गाजलेली कथा. इंग्रजीत तिचे रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेले. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन येतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. परत आल्यावर राजेंद्र देशपांडे हे त्यांना त्यामागचे विज्ञान सांगतात. हा भाग शिकवणीसारखा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. तिथे चियांगच्या रुमालाची आठवण होते.

पण तेवढे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. त्या कथेतली गोळी आठवा. आपल्या इतिहासात ती विश्वासरावांना लागते, त्या इतिहासात कानाजवळून निसटते. आणि गंगाधरपंतांच्या खिशात उरलेले बखरीचे ते फाटके पान. दोन विश्वांमधला फरक एका गोळीच्या बोटभर अंतरावर आणि पुरावा एका कागदाच्या कपट्यावर आणून ठेवणे, ही वाडग्याच्याच जातीची कारागिरी आहे. सभा दिसली की अध्यक्षाच्या खुर्चीकडे वळणारे गंगाधरपंत रिकामी खुर्ची पाहून मंचावर चढतात आणि मार खातात. तो माणूस तर आपल्या ओळखीचाच आहे. नारळीकरांचे अनुकरण पुढे झाले ते संवादाचे झाले, फाटक्या पानाचे फारसे झाले नाही. सुबोध जावडेकरांसारखे अपवाद वाचकांना माहीत आहेत.

चियांगही निर्दोष नाहीत. भाषा बदलली की काळाची जाणीव बदलते, हा त्यांच्या कथेचा पाया भाषाशास्त्रज्ञ इतक्या टोकाला मान्य करणार नाहीत. भाषेचा विचारावर थोडाफार परिणाम होतो इथवर ठीक, पण कुठलीही लिपी शिकून कुणाला भविष्य दिसत नाही. चियांगना हे नक्कीच ठाऊक आहे. त्यांनी एक खोटे उघडपणे उचलले आहे आणि बाकी सर्व त्याच्याशी प्रामाणिक ठेवले आहे. गॅरी हे पात्र मात्र पातळ आहे. तो समजावतो छान, पण माणूस म्हणून हाती लागत नाही. हे लग्न पुढे टिकत नाही, आणि का टिकत नाही याचा पत्ता कथा लागू देत नाही. २०१०ची संगणकी प्राण्यांवरची दीर्घकथा तर मला जागोजागी बैठकीच्या इतिवृत्तासारखी वाटली. समजावून सांगण्याची सवय कधी कधी त्यांच्यावरही उलटते.

माझा अनुवाद पहिल्याच वाक्यावर बरेच दिवस अडला होता. तिथे आई मुलीला म्हणते की तुझा बाप आता मला काहीतरी विचारणार आहे. बाप, वडील की बाबा? आणि ‘विचारणार आहे’ की ‘विचारणार आहेत’? एकेरीत सलगी आली, आदरार्थीत एक अंतर आले, आणि पुढे घटस्फोट आहे. शेवटी ‘तुझा बाबा’ असे लिहिले. त्या रात्री मुलगी पोटातही नाही, म्हणजे तो अजून कुणाचाच बाबा नाही. नवऱ्याचे नाव न घेता ‘बंडूचे बाबा’ म्हणणाऱ्या आमच्या आज्यांनी निदान बंडू जन्मेपर्यंत वाट पाहिली होती. लुईझ तेवढीही थांबत नाही.